‘जीसीएस ९/१५’ म्हणजे नेमकं काय? डोक्याला मार लागलेल्या पेशंटची शुद्ध डॉक्टर कशी मोजतात

समजा रात्रीचे अकरा वाजलेत आणि फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. चुलत भावाचा नगर-मनमाड रोडवर गाडीवरून अपघात झालाय. जवळच्या दवाखान्यातून त्याला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलंय आणि हा त्या चिठ्ठीचा फोटो आहे. डॉक्टरांच्या अक्षरातलं बाकी काही लागत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट वाचता येते : ‘जीसीएस ९/१५’. लगेच कोणीतरी लिहितं, “पंधरापैकी नऊ म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे, घाबरू नका.”

हे गणित साफ चुकीचं आहे. जीसीएस ९ असलेला पेशंट गंभीर असतो आणि तो आणखी एक पायरी उतरला तर त्याचा श्वास सांभाळण्यासाठी घशात नळी टाकायची वेळ येऊ शकते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, कसा वाचायचा, कुठे फसवतो आणि आपल्या हातातला मोबाईल इथे किती कामाचा आहे, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

जीसीएस म्हणजे काय?

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. पेशंट किती शुद्धीवर आहे हे सांगणारी ही मोजपट्टी आहे. ग्लासगो हे स्कॉटलंडमधलं शहर. तिथले दोन मेंदूचे सर्जन, ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट, यांनी १९७४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत मांडली.

त्याआधी डॉक्टर लोक आपल्यासारखंच बोलायचे. ‘अर्धवट शुद्धीत आहे’, ‘गुंगीत आहे’, ‘बेशुद्ध आहे’. अडचण अशी की एकाची ‘गुंगी’ दुसऱ्याला ‘बेशुद्धी’ वाटायची. सकाळच्या डॉक्टरने ‘गुंगीत’ लिहिलं आणि संध्याकाळच्या डॉक्टरने ‘अर्धवट शुद्धीत’ लिहिलं, तर पेशंट सुधारला की बिघडला हे कसं कळणार? टीसडेल आणि जेनेट यांनी सांगितलं की अंदाज लिहू नका, जे दिसतं ते लिहा. डोळे कधी उघडतो? बोलतो काय? हात-पाय कसे हलवतो?

यासाठी मशीन लागत नाही, वीज लागत नाही, महागडी तपासणी लागत नाही. त्यामुळेच पन्नास वर्षांनंतरही लंडनच्या हॉस्पिटलपासून आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत हीच पट्टी चालते.

तीन परीक्षा, पंधरा गुण

१) डोळे (४ गुण)
- ४ : डोळे आपोआप उघडे आहेत
- ३ : हाक मारल्यावर उघडतो
- २ : दाब दिल्यावर उघडतो
- १ : कशालाच उघडत नाही

२) बोलणं (५ गुण)
- ५ : नाव, ठिकाण, महिना बरोबर सांगतो
- ४ : वाक्यं बोलतो पण गोंधळलेला आहे (“मी घरीच आहे” म्हणतो आणि असतो दवाखान्यात)
- ३ : सुटे, असंबद्ध शब्द
- २ : नुसतं कण्हणं, शब्द नाहीत
- १ : काहीच आवाज नाही

३) हालचाल (६ गुण)
- ६ : सांगितलेलं ऐकतो (“माझा हात दाब, आता सोड”)
- ५ : जिथे दाब दिला तिथे हात नेऊन तो हटवायला बघतो
- ४ : दाब दिला की हात मागे खेचून घेतो
- ३ : हात छातीकडे विचित्रपणे वाकतो
- २ : हात ताठ सरळ होतो
- १ : काहीच हालचाल नाही

चिठ्ठीवर ई, व्ही आणि एम ही इंग्रजी अक्षरं दिसतात. ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल. ‘ई३ व्ही४ एम६’ म्हणजे हाक मारल्यावर डोळे उघडतो, बोलतो पण गोंधळलेला आहे, सांगितलेलं ऐकतो. एकूण १३.

एक हात नीट हलतो आणि दुसरा नाही, असं असेल तर चांगल्या बाजूचा गुण धरतात. कमकुवत बाजूची नोंद मात्र वेगळी करतात, कारण तीसुद्धा मेंदूच्या इजेची खूण असू शकते.

आता ‘दाब दिला’ म्हणजे काय? तपासणारा बोटाच्या टोकावर, खांद्याजवळच्या स्नायूवर किंवा भुवईच्या हाडाच्या खाचेत ठरावीक पद्धतीने दाब देतो. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. आपण पेशंटला चिमटे काढणं, गालावर चापट्या मारणं हे करू नये.

मग ९ म्हणजे साठ टक्के का नाही?

यादी पुन्हा बघा. प्रत्येक परीक्षेत कमीत कमी गुण १ आहे, शून्य नाही. म्हणजे काहीच प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटलाही ३ गुण मिळतात. ही पट्टी ० ते १५ नसून ३ ते १५ आहे. ‘३/१५ आहे, म्हणजे थोडीफार शुद्ध आहे’ असं कोणी म्हणालं तर तेही चूकच, कारण ३ म्हणजे तळ.

डोक्याच्या दुखापतीत डॉक्टर साधारण असे गट करतात :

- १३ ते १५ : सौम्य
- ९ ते १२ : मध्यम
- ३ ते ८ : गंभीर

८ किंवा त्याखाली गेलेल्या पेशंटला बहुतेक वेळा स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येत नाही. जीभ मागे पडू शकते, उलटी फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून अशा वेळी नळी टाकून श्वास सुरक्षित करण्याचा विचार होतो. ९ ची जागा या रेषेच्या अगदी काठावर आहे. आणि ‘सौम्य’ या शब्दावरही विसंबू नका. १४ गुण असलेल्या पेशंटच्या डोक्यात रक्ताची गुठळी असू शकते. ती आहे की नाही हे सीटी स्कॅन सांगतो, जीसीएस नाही.

बेरीज एकच, पेशंट वेगळे

दोन पेशंट घेऊ. पहिला ई२ व्ही२ एम५, दुसरा ई४ व्ही१ एम४. दोघांची बेरीज ९. पण पहिला दाब दिल्यावर डोळे उघडतो, कण्हतो आणि दुखतं तिथे हात नेतो. दुसऱ्याचे डोळे टक्क उघडे आहेत, पण तोंडातून अवाक्षर नाही आणि हात फक्त मागे खेचतो. मेंदूची अवस्था दोघांची सारखी नाही.

म्हणून ‘नऊ आहे’ एवढं पुरत नाही, तीन वेगळे आकडे हवेत. तुम्हाला कधी डॉक्टरांशी किंवा दुसऱ्या हॉस्पिटलशी फोनवर बोलायची वेळ आली तर चिठ्ठीवरचे तिन्ही आकडे वाचून दाखवा. त्यातही हालचालीचा गुण डॉक्टर बारकाईने बघतात, कारण डोक्याच्या गंभीर दुखापतीत पुढचा अंदाज बांधायला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

एका आकड्यापेक्षा घसरण महत्त्वाची

जीसीएस हा एक फोटो नाही, व्हिडिओ आहे असं समजा. सुरुवातीला दर अर्ध्या तासाला तो पुन्हा मोजला जातो. अपघातानंतर १० होता आणि दोन तासांनी १३ झाला, तर दिशा चांगली आहे. १५ होता आणि आता १३ आहे, तर आकडा तोच असूनही ही धोक्याची घंटा आहे.

कवटीचं हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल तर कधी कधी असं होतं : माणूस थोडा वेळ बेशुद्ध पडतो, मग उठतो, बोलतो, चहा पितो, “मला काय नाय झालं” म्हणून घरी जातो. आत रक्त साचतच असतं. काही तासांनी त्याला झोप यायला लागते आणि घरचे म्हणतात, “दमलाय, झोपू द्या.” इथेच माणसं जातात. वेळेत ऑपरेशन झालं तर यातले बरेच जण वाचतात. म्हणून ‘बोलतोय ना, मग काय नाय’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

नगर जिल्ह्यात हा आकडा इतका महत्त्वाचा का?

अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे. १७,००० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, १४ तालुक्यांचा. जिल्ह्यातून नगर-पुणे, नगर-मनमाड, नगर-कल्याण, नगर-सोलापूर आणि संगमनेरमार्गे पुणे-नाशिक असे वर्दळीचे रस्ते जातात. गळीत हंगामात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसते तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो.

अपघात अकोले, पाथर्डी किंवा जामखेडच्या आडबाजूला झाला तर पेशंटचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय, मग नगरचं सिव्हिल, लोणीचं प्रवरा किंवा विळद घाटातलं विखे पाटील हॉस्पिटल, आणि गरज पडली तर पुणे किंवा नाशिक. नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर नवा, नर्स नवी. आधीच्या डॉक्टरने काय पाहिलं हे पुढच्याला कळायला एकच धागा असतो, तो म्हणजे चिठ्ठीवरचा वेळ आणि जीसीएस. ‘रात्री ९.४० ला ई४ व्ही४ एम६’ असं लिहिलेलं असेल आणि साडेअकराला पेशंट ई२ व्ही२ एम५ दिसला, तर पुढच्या डॉक्टरला विचारत बसावं लागत नाही. १४ वरून ९ वर आलाय, म्हणजे आधी स्कॅन.

ती चिठ्ठी गर्दीत हरवते, भिजते, कोणाच्या तरी खिशात राहते. म्हणून मिळाल्या मिळाल्या तिचा स्वच्छ फोटो काढून सोबत जाणाऱ्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मोठ्या ग्रुपवर टाकायची गरज नाही.

हा आकडा कुठे फसवतो?

दारू. दारूमुळेही गुण कमी येतात. पण ‘पिलेला आहे, सकाळपर्यंत उतरेल’ असं धरून पेशंटला झोपवून ठेवणं घातक आहे. पिलेल्या माणसाच्या डोक्यातही रक्तस्राव होतोच.

भाषा. बोलण्याचे गुण पेशंटच्या भाषेवर अवलंबून असतात. ऊसतोडीला आलेला बंजारा मजूर शुद्ध हरपताना किंवा परत येताना गोरमाटीत बोलेल. समोरच्याला ती येत नसेल तर नीट वाक्यालाही ‘असंबद्ध शब्द’ म्हणून ३ गुण मिळू शकतात. अशा वेळी सोबतच्या माणसाने पुढे होऊन “तो असं असं म्हणतोय” हे सांगणं हीच मोठी मदत. पेशंटला आधीपासून कमी ऐकू येत असेल, बोलता येत नसेल, पूर्वी लकवा मारलेला असेल, तर तेही आधीच सांगा.

सूज आणि नळी. चेहरा सुजून डोळे बंद झाले असतील किंवा घशात नळी असेल तर ती परीक्षा घेताच येत नाही. तिथे १ लिहिणं चूक आहे. २०१४ मध्ये या पद्धतीत सुधारणा झाली, तेव्हा अशा ठिकाणी ‘एनटी’ म्हणजे ‘तपासता येत नाही’ असं लिहायचं ठरलं. नळी असेल तर बऱ्याच चिठ्ठ्यांवर बोलण्याच्या जागी ‘टी’ दिसतं.

उघडे डोळे. डोळे उघडे म्हणजे माणूस शुद्धीवर आला असं नाही. महाराष्ट्राला हे अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून कळलं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं तोपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा डॉक्टरांच्या अहवालात त्यांच्या अवस्थेला जे नाव होतं, म्हणजे डोळे उघडे, झोप-जागेपण सुरू, पण जाणिवेचा पुरावा नाही, ते नाव १९७२ मध्ये ज्या दोघांनी रूढ केलं त्यातले एक हेच ब्रायन जेनेट. त्यांची मोजपट्टी अपघातानंतरच्या तासांसाठी आणि दिवसांसाठी आहे. महिने-वर्षांनंतरची जाणीव मोजायला वेगळ्या, जास्त खोल तपासण्या लागतात.

मोबाईल काय करू शकतो?

कॅल्क्युलेटर : एमडीकॅल्कसारख्या अ‍ॅपमध्ये जीसीएसचा कॅल्क्युलेटर आहे. पण तो फक्त बेरीज करतो. हात ‘खेचला’ की ‘विचित्रपणे वाकला’ हे माणसाच्या डोळ्यालाच ठरवावं लागतं आणि शिकाऊ डॉक्टरही इथे गोंधळतात.

टॉर्च : डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून बाहुली आकसते का ते बघतात. २०१८ मध्ये टीसडेल आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी जीसीएसला जोडली. एक बाहुली प्रतिसाद देत नसेल तर १ गुण वजा, दोन्ही देत नसतील तर २ वजा. त्यामुळे जोडलेला आकडा १ पर्यंत खाली जातो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘प्युपिलस्क्रीन’ नावाचं अ‍ॅप दाखवलं होतं. मोबाईलचा फ्लॅश आणि कॅमेरा वापरून ते बाहुलीची हालचाल मोजायचं. मात्र त्यासाठी बाहेरचा उजेड अडवणारी खास पेटी लागायची. रस्त्यावर आपण टॉर्च मारून असा निष्कर्ष काढू शकत नाही, त्यात वेळ घालवू नका.

क्रॅश डिटेक्शन : आयफोन १४ पासून पुढचे फोन मोठी धडक ओळखून स्वतःच मदतीला फोन लावतात. काही पिक्सेल फोनमध्येही ही सोय आहे. पण ती मुख्यतः कारच्या अपघातासाठी बनवलेली आहे. दुचाकी घसरली तर फोन ओळखेलच असं नाही. हेल्मेटची जागा हे फीचर घेत नाही.

लॉक स्क्रीनवरची माहिती : हे मात्र आजच करा. आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपमध्ये ‘मेडिकल आयडी’ आणि अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या सेफ्टी किंवा इमर्जन्सी विभागात रक्तगट, आजार, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर भरा. फोन लॉक असतानाही ते दिसतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते नक्की लिहा. अशा माणसाच्या डोक्याला लागलेला छोटा मारही डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात.

अपघात दिसला तर काय करायचं?

आपल्याला पंधरा गुण मोजायचे नाहीत. आपल्यासाठी चार पायऱ्या पुरेत : जागा आहे, हाकेला ओ देतो, फक्त दुखलं तर हलतो, काहीच प्रतिसाद नाही.

१. आधी मागून येणारी वाहनं थांबवा, नाहीतर दुसरा अपघात होतो.

२. १०८ किंवा ११२ लावा. १०८ ची अँब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. नीट सांगा : “नगर-मनमाड रोड, राहुरी ओलांडून शिर्डीच्या दिशेने, पेट्रोल पंपासमोर. दुचाकी, एक पेशंट. दहा मिनिटं झाली. श्वास चालू आहे. हाक मारली की डोळे उघडतो, पण बरळतोय. एकदा उलटी झाली.” एवढ्यात डॉक्टरला चित्र उभं राहतं.

३. मान हलवू नका. खांद्याला हात लावून मोठ्याने हाक मारा, गदागदा हलवू नका. श्वास नीट चालत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका.

४. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होतेय, तर दोघा-तिघांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब द्या.

५. पाणी, चहा काही पाजू नका. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं याने शुद्ध येत नाही, फक्त वेळ जातो.

६. वेळ लक्षात ठेवा. किती वाजता लागलं, कधी बेशुद्ध पडला, कधी बोलला, झटका आला का. हे मोबाईलच्या नोट्समध्ये टाका. व्हायरल व्हिडिओपेक्षा या चार ओळी डॉक्टरला जास्त लागतात.

पोलिसांच्या लफड्याची भीती वाटते? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. शिवाय केंद्राच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे कॅशलेस उपचार आहेत. हॉस्पिटलमध्ये याबद्दल जरूर विचारा.

नेहमी पडणारे प्रश्न

घरी सोडलेल्या पेशंटला कधी परत न्यायचं?
डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी, जागं करायला कठीण जातंय, बोलणं बरळल्यासारखं, एका बाजूची ताकद कमी, झटका, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव. यातलं एकही दिसलं तर लगेच, सकाळची वाट न बघता.

म्हातारी माणसं बाथरूममध्ये पडली आणि ठीक वाटली तर?
त्यांच्यात मेंदूवर हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनीही दिसू शकतो. महिन्याभराने चालताना तोल जातोय, विसरायला होतंय, तर ‘वय झालं’ म्हणू नका. पडल्याचं डॉक्टरांना सांगा.

लहान मुलांना हीच पट्टी?
बोलता न येणाऱ्या बाळाला महिना कसा विचारणार? त्यांच्यासाठी वेगळी पट्टी आहे. त्यात रडणं, हुंकार, ओळखीच्या माणसाकडे बघणं हे मोजतात.

जीसीएस ३ म्हणजे सगळं संपलं का?
नाही. अवस्था अतिशय गंभीर असते हे खरं, पण झोपेचं औषध, विषबाधा, झटका यामुळेही आकडा खाली येतो. एका आकड्यावरून कोणी निकाल देत नाही. मेंदूमृत ठरवण्याच्या तपासण्या पूर्ण वेगळ्या असतात.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी ‘साठ टक्के आहे’ असं लिहिलं, तर एवढंच विचारा : ई किती, व्ही किती, एम किती, आणि हे किती वाजताचं आहे?